राणीला हळदकुंकू

वेल्ह्यात धन जमिनीखाली असतं, यावर आमच्याकडे दुमत नाही. बखरी साक्षीला आहेत. शिवाजी महाराजांनी तोरण्याची डागडुजी काढली, खणताना धनाचे हंडे लागले आणि त्या पैशांत समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. ज्या मुलखात अख्ख्या राजधानीचा खर्च खड्ड्यातून निघाला, तिथे पोस्टाच्या आवर्ती ठेवीचं महत्त्व पटवत हिंडणाऱ्या एजंटाची मला फार दया येते.

सरकारने तालुक्याचं नाव बदलून राजगड केलं, तरी तोंडात अजून वेल्हंच आहे आणि डोक्यात अजून हंडाच. कुणी विहीर खणायला घेतली की पाण्याच्या आधी शेजारी येतात. काठावर उकिडवं बसायचं, आत बघतच नाही असं दाखवायचं आणि विचारायचं, "काय लागलं का?" हा प्रश्न पाण्याबद्दल नसतो. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी खाली गेलं की बुडालेली जुनी देवळं उघडी पडतात. ती बघायला पुण्याहून मंडळी येतात, कॅमेरे घेऊन, शिखराकडे बघत. गाववाले मात्र मान खाली घालून चालतात. पाहुण्यांना वाटतं, काय ही विनम्र माणसं!

खरं म्हणजे सापडलं तरी पंचाईतच आहे. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही हाती लागलं तर ते कलेक्टरला कळवायचं. त्या काळी दहा रुपये म्हणजे जवळजवळ दहा तोळे चांदी. आज दहा रुपयांत भोरच्या स्टँडवर वडापाव येत नाही, पण कायद्यातली हद्द जागची हललेली नाही. नांगराच्या फाळाला साधं तांब्याचं शिवराई नाणं लागलं, तरी कायद्याचं बोट धरून चालणाऱ्याने बैल सोडून पुण्याची एस्टी पकडायला हवी.

त्यामुळे शहाण्यांनी फावडं ठेवलं आणि फोन उचलला. हल्ली आमच्याकडे धन कुरिअरने येतं. पूर्वी त्यासाठी देवऋषी लागायचा, अमावास्या लागायची, कोंबडं लागायचं. आता ओटीपी लागतो. तो यायला रेंज लागते आणि रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, एवढाच काय तो विधी उरला आहे. कुरिअरवाला चौकातून फोन करतो, "काका, पार्सल आलंय, या घ्यायला." घरपोच म्हणजे घरापर्यंत, असा समज फक्त सपाटीवरच्या लोकांचा असतो.

फोनवरच्या नाणेबाजाराचा पहिला नियम असा की विकणाऱ्याला आजोबा असावे लागतात. प्रत्येकाच्या आजोबांची एक पेटी असते. ती माळ्यावर सापडलेली असते, कुलूप गंजलेलं असतं आणि आत नेमकी नाणी असतात. माझ्या माहितीतल्या आजोबांच्या पेट्यांत चंची, अडकित्ता, कोर्टाचे कागद आणि एका बाजूने तुटलेला चष्मा निघतो. पण ऑनलाइन विकणाऱ्यांचे आजोबा वेगळ्या घडणीचे. ते मुरादाबादला असोत, सुरतेला असोत की बारामतीला, सगळ्यांनी तीच नाणी, तेवढीच आणि त्याच झिजेची जमवून ठेवलेली असतात. शिवाय आजोबा गेले तरी पेटी संपत नाही. गिऱ्हाइकाने एक उचललं की दुसऱ्या दिवशी त्याच जागी तसंच दुसरं हजर.

दुसरा नियम फोटोचा. नाणं फुलाफुलांच्या चादरीवर ठेवायचं, बाजूला आपला अंगठा ठेवायचा आणि बरोबर साल असेल तिथे ट्यूबलाइटची तिरीप पाडायची. खाली लिहायचं, 'रेअर, अँटिक, ओरिजनल, फिक्स रेट, टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये.' किंमत एक लाख एकावन्न हजार. गिऱ्हाइकाने "तीनशे?" असं विचारलं की थोडा वेळ शांतता आणि मग, "डिलिव्हरीचे साठ वेगळे."

यात आणखी वरच्या दर्जाची मंडळी आहेत. वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं असेल तर दहा लाख, ७८६ आकड्याची नोट असेल तर पाच लाख, ट्रॅक्टरवाली पाचाची नोट असेल तर मागाल तेवढे. फक्त आधी 'नोंदणी शुल्क' भरायचं, मग 'कर', मग 'फाइल क्लिअरन्स'. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ मध्ये देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून निघालं होतं. ते अजूनही पाच रुपयांना पाच रुपयेच आहे. हे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरू लागले, तेव्हा बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की बाबांनो, आम्ही जुन्या नाण्यानोटांचा धंदा करत नाही आणि त्यावर कमिशनही घेत नाही. आमच्याकडे ते पत्रक पुढे ढकलणारे आणि 'नोंदणी शुल्क' भरणारे, दोन्ही याद्यांत काही नावं सामायिक आहेत.

आणि मग 'राइस पुलर'. हे तांब्याचं नाणं, कंपनी सरकारच्या काळचं, त्यावर म्हणे कधीतरी वीज पडलेली असते आणि त्यामुळे ते तांदळाचे दाणे आपल्याकडे ओढतं. गिऱ्हाईक परदेशी शास्त्रज्ञ, भाव कोटीत, तपासणीला किरणोत्साराचा पोशाख लागतो आणि त्या पोशाखाचं भाडं आपण भरायचं. देशभर पोलिसांनी या टोळ्या पकडल्या, तरी नाणं फिरतच आहे. पण भोर-वेल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात हा धंदा जमेल असं मला वाटत नाही. हा भाताचा मुलूख आहे. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून रोप लावायचं, मग कापायचं, झोडायचं, गिरणीत न्यायचं, एवढं झाल्यावर कुठे तांदूळ आपल्याकडे येतो. तो नाण्याने नुसता बोलावून येतो म्हटल्यावर बायकाच हसतील. शिवाय आमच्याकडे इंद्रायणी पिकतो. शिजल्यावर तो डावाला चिकटतो, ताटाला चिकटतो, वाढणारणीच्या बांगडीला चिकटतो. नाण्यालाही चिकटेल, त्यात विशेष काय?

आता गुरुजींबद्दल सांगायला हवं. झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाले, दुसऱ्या महिन्यापासून नाण्यांच्या नादी लागले. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईने सोलून काढलेला माणूस. पण शिवराई जमवायला लागले आणि नियतीने सूड उगवला. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. नाणी पाडणाऱ्यांना शुद्धलेखनाची परीक्षा नव्हती. कुठे शिव, कुठे शीव, कुठे सिव, आणि 'छत्रपति'ची तऱ्हा तर त्याहून न्यारी. ही तांब्याची नाणी अमाप पाडली गेली, पुढे पेशवाईत दुदांडी शिवराया निघाल्या आणि इंग्रजी राज्य आल्यावरही बाजारात शिवराई चालत राहिली. त्यामुळे नुसती शिवराई दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती चूक. बाराखडी जितकी विचित्र, तितका भाव जास्त. ज्या चुकीबद्दल गुरुजींनी पोरांना ओणवं उभं केलं, तिच्यासाठी आता ते पेन्शनमधून दीडपट पैसे मोजतात. त्यांचा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला, "आमच्या वह्या ठेवल्या असत्या तर आज गुरुजी श्रीमंत असते."

सोन्याचा शिवराई होन हा मात्र वेगळा विषय. तो खरोखर विरळा, संग्रहालयांत जपलेला. फोनवर तो रोज निघतो. त्यातले प्रामाणिक लोक 'प्रतिकृती' असं लिहितात, आमची तरुण पोरं ती गळ्यात घालून राजगड चढतात आणि छान दिसतात. अप्रामाणिक लोक 'प्रतिकृती' हा एक शब्द गाळतात. त्या एका शब्दाची किंमत लाखभर रुपये असते.

गुरुजींचं घर म्हणजे छोटी टाकसाळ झाली आहे, फक्त उलटी. इथे नाणी पाडत नाहीत, पाडलेली तपासतात. पहिलं हत्यार चुंबक. चांदी, तांबं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं की पार्सल परत. (आजचा रुपया पोलादाचा असल्याने चिकटतो. म्हणजे आपल्या खिशातला खरा रुपया गुरुजींच्या पहिल्याच परीक्षेत नापास.) दुसरं हत्यार काटा. कंपनीचा १८३५ सालचा रुपया असो, व्हिक्टोरिया राणीचा असो की पंचम जॉर्जचा, वजन ११.६६ ग्रॅम, त्यात अकरा-बारांश चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला रुपया निव्वळ निकेलचा झाला. थोडंफार वजन झिजेत जातं हे ठीक, पण दहा ग्रॅमचा रुपया आला तर तो झिजलेला नसतो, जन्मतःच हलका असतो. तिसरी परीक्षा कडेची. साच्यात ओतलेल्या नकलीच्या कडेला शिवण दिसते आणि अंगावर बारीक बुडबुड्यांच्या खळ्या दिसतात. ठोकून पाडलेल्या नाण्याला त्या नसतात.

चौथी परीक्षा आर्किमिडीजची. काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याला बांधून, बुडाला न टेकवता पाण्यात सोडायचं. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. खरा रुपया साधारण १.१३ दाखवतो आणि भागाकार दहाच्या थोडा वर येतो. तांब्याचा नऊच्या आसपास येतो. गुरुजी हे काम देवघराशेजारच्या खोलीत, दार लोटून करतात, कारण श्वासाने काटा हलतो. एकदा शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. बघतात तर गुरुजी दम रोखून, काळ्या दोऱ्याला टांगलेलं राणीचं मुंडकं वाटीत बुडवतायत. काकू साखर न घेताच गेल्या. त्यानंतर बरेच दिवस गुरुजींच्या कुंपणात कुणाची कोंबडी शिरली नाही.

ही तपासणीची खोड या मातीतली जुनीच. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला, तेव्हा तहाच्या मागण्यांत एक कलम असं होतं की आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत. महाराजांचं म्हणणं होतं, ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणं घ्या म्हणून मी कुणावर जबरदस्ती करणार नाही, आणि तुमचं नाणं कसाला नि वजनाला मोगलांच्या नाण्याइतकं चोख असेल तर ते चालायला माझी आडकाठीही नाही. ऑनलाइन खरेदीवर मी पुष्कळ सल्ले ऐकलेत, पण कस आणि वजन बघा, बाकी तुमचं तुम्ही ठरवा, यापलीकडे कुणी काही सांगितलेलं नाही. पेशवाईत तर इतक्या टाकसाळींची इतकी नाणी फिरत की पोतदाराने वाजवून, पारखून, बट्टा कापून दिल्याशिवाय रुपया म्हणजे नेमका किती रुपया, हे ठरत नसे. आज पोतदार आडनावाची मंडळी बँकेत, आयटीत आणि नाटकात आहेत. नाणं वाजवायला कुणी उरलं नाही आणि फोटोला तर आवाजच नसतो.

भोरचा बाज थोडा वेगळा. संस्थानी गाव. पंतसचिवांचा राजवाडा, नीरेचा काठ, आणि बोलण्यात 'आमच्या संस्थानात' हे शब्द, संस्थान १९४८ ला विलीन झालं असलं तरी. भोरकरांना नाण्यापेक्षा तिकिटांचा अभिमान. संस्थानने १८७९ मध्ये आपली टपाल तिकिटं काढली, १९०१ मध्ये पंतसचिवांच्या छबीचं अर्ध्या आण्याचं तिकीट काढलं आणि जगभरच्या कॅटलॉगांत भोरला जागा मिळाली. त्यामुळे जर्मनीतल्या एखाद्या म्हाताऱ्या संग्राहकाला भोर माहीत असतं आणि पुण्यातल्या कोथरूडकराला विचारावं लागतं, "भोर म्हणजे ते बाजीराव-मस्तानीवालं ना?" एक भोरकर मला म्हणाले, "नाणी काय, कुणीही पाडतं. तिकिटाला जिभेचा मान लागतो."

नाणं खरं निघालं म्हणजे संपलं, असं नाही. मग त्याचा दर्जा. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने नाण्यांना सत्तरपैकी गुण द्यायची पद्धत बसवली आणि आता जगभर तीच चालते. गुरुजींनी ती प्रथम वाचली तेव्हा ते संतापले. सत्तरपैकी कशाला, शंभरपैकी का नाही? मग पुढचं वाचलं आणि विरघळले. या पद्धतीत पस्तीस गुणांच्या नाण्याला 'व्हेरी फाइन' म्हणतात. "आयुष्यभर पस्तीसवाल्यांना आपण काठावर पास म्हणत आलो," गुरुजी कातर आवाजात म्हणाले. त्या रविवारी ते आपल्या एका जुन्या पस्तीसवाल्याच्या गॅरेजात जाऊन चहा पिऊन आले.

पण या छंदातला खरा शत्रू विकणारा नव्हेच. तो घरात असतो, प्रेमळ असतो आणि त्याच्या हातात चिंचेचा कोळ असतो.

आपल्याकडे तांब्याची वस्तू काळी दिसली की हाताला चैन पडत नाही. चिंच, राख, लिंबू-मीठ, भांड्यांची पिवळी पावडर, टूथपेस्ट, नारळाची शेंडी, अशी सगळी आयुधं घरात तयार असतात. दोनशे वर्षांत तांब्यावर जो तपकिरी थर चढतो, तो नाण्याचं रक्षण करतो आणि त्याचं वयही सांगतो. संग्राहक पैसे मोजतो ते त्या थराचे. तो अडीच मिनिटांत उतरतो. वर घासणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो बघून ओरडायचंही धाडस होत नाही. "बघा, कसं लखलखीत झालं! नुसती घाण साचली होती." नाणं लखलखीत होतं आणि भाव तांब्याच्या भंगाराचा होतो. चांदीचं तेच. घासलेल्या रुपयावर बारीक ओरखड्यांचं जाळं पडतं, भिंगाखाली ते लपत नाही आणि पुण्याच्या जुन्या बाजारातला कुठलाही अनुभवी विक्रेता हातात घेण्याआधीच म्हणतो, "धुतलंय."

याचं मूळ लक्ष्मीपूजनात आहे. भोर-वेल्ह्यातल्या बहुतेक जुन्या घरांत एखादा तरी राणीछाप रुपया असतोच. तो वर्षभर देवघरात असतो. दिवाळीला ताम्हनात येतो, दुधा-पाण्याने न्हातो, चिंचेने घासला जातो आणि हळदकुंकू लावून घेतो. या रुपयावरच्या बाईचा नवरा, अल्बर्ट, डिसेंबर १८६१ मध्ये वारला आणि कंपनीच्या नव्हे, राणी सरकारच्या नव्या रुपयावर साल आहे १८६२. म्हणजे आपल्याकडे हा रुपया आला तो बाई विधवा झाल्यावरच. ज्या घरांनी स्वतःच्या विधवा आत्यांना आणि काकूंना हळदकुंकवाच्या ताटाजवळ फिरकू दिलं नाही, त्याच घरांनी साता समुद्रापलीकडच्या या विधवेला शंभराहून जास्त वर्षं बोटभर कुंकू लावलं. ती कोण, कुठली, तिचा धनी हयात आहे का, हे कुणी विचारलं नाही. चांदीला सोयर नाही आणि सुतकही नाही.

गुरुजींच्या आईंनी, वय वर्षं नव्वदीच्या पलीकडे, घरातला हा रुपया गेली सत्तर दिवाळ्या घासलाय. राणीचं नाक आता राहिलेलं नाही. गुरुजींनी त्यांना थराचं महत्त्व समजावलं, भिंगातून दाखवलं, बाजारभाव सांगितला. आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "विकायचाय का तुला?" गुरुजी म्हणाले, "नाही." "मग भाव कशाला बघतोस?" या प्रश्नाचं उत्तर जगातल्या एकाही संग्राहकाकडे नाही. तो रुपया अजून घासला जातो.

विकत घेतलेल्या नाण्यांची मात्र बडदास्त आहे. वेल्ह्याचा पावसाळा म्हणजे काड्यापेटी पेटत नाही, मिठाचं पाणी होतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. ही हवा तांब्याला मानवत नाही. नाण्यात क्षार मुरलेले असतील तर दमटपणात फिकट हिरवी भुकटी धरते, बोटाने झडते आणि पुन्हा येते. तिला रोगच म्हणतात आणि वेळेत आवरला नाही तर तो नाणं पोखरतो. असं नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढायचं, डिस्टिल्ड वॉटर बदलत बदलत त्यात दिवसेंदिवस भिजवायचं, पूर्ण सुकवायचं आणि कोरडं ठेवायचं. गुरुजी पहिल्यांदा 'बॅटरीचं पाणी द्या' म्हणाले, तेव्हा गॅरेजवाल्याने, गुरू म्हणून आदराने, "साधं की अ‍ॅसिड?" असं विचारून घेतलं, हे त्या शिवराईचं नशीब. कोरडेपणासाठी बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. गावात कुणीही नवे बूट घेतले की पुडी गुरुजींकडे पोचते. पूर्वी मुलाचं पेन्सिलचं टोक गुरुजींकडे जमा व्हायचं, आता ही.

पाकीटही पारखून घ्यावं लागतं. नव्या रेनकोटाचा वास येणारं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. त्यात ठेवलेल्या नाण्यावर काही वर्षांत हिरवट चिकट लेप चढतो. तो पाण्याने जात नाही, अ‍ॅसिटोनने निघतो, तोही लवकर लक्षात आला तर. गंमत म्हणजे ऑनलाइन विकणारे बहुतेक जण नाणं याच पाकिटात घालून, वर रबरबँड लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवतात. रबरात गंधक, वर्तमानपत्रातही गंधक, आणि गंधकाने चांदी काळी पडते. म्हणजे दोनशे वर्षं मोगल, मराठे आणि इंग्रज यांच्यातून तरलेलं नाणं 'सुरक्षित पॅकिंग'मध्ये संपायला लागतं.

तरी वस्तू टिकते. माणसं टिकू देत नाहीत. आलेला पाहुणा नाणं हातात मागतोच. गुरुजी आधी समजावतात, "कडेने धरा, चेहऱ्याला बोट लावू नका, घामात क्षार असतो." पाहुणा मान डोलावतो, नाणं तळहातावर घेतो आणि बोलता बोलता त्याचा अंगठा तंबाखू मळल्यासारखा शिवरायांच्या नावावरून फिरू लागतो. एकाने तर शेवटी ते फुंकलंही. आता गुरुजी पाहुण्यांसाठी पाचाची दोन नवी नाणी वेगळ्या डबीत ठेवतात. ती दाखवताना आवाज खाली आणतात. पाहुणे समाधानाने जातात.

पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट मात्र गुरुजी सगळ्यांना ऐकवतात. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती होता, पण त्याची सोंड अशी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर दिसला. केवढा गदारोळ! सरकारने नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त करून दिला. हल्ली ऑनलाइन मात्र १९१२, १९१३, १९१४ असा कुठलाही रुपया 'डुक्करछाप' म्हणून येतो. साहेबाने एवढ्या खटपटीने ज्याचा हत्ती केला, त्याचं पुन्हा डुक्कर करायला विकणाऱ्याला एकच ओळ लागते.

मागच्या महिन्यात मी गुरुजींबरोबर किराणा दुकानात गेलो होतो. शेठजींनी गुरुजींना बघताच वजनाचा काटा अर्ध्यावर सोडला आणि गल्ल्याखालून लाल मखमलीची डबी काढली.

"गुरुजी, कालच आलं. ऑनलाइन. कंपनी सरकारचं, १८१८ चं. मागे बघा, रामदरबार."

पिवळंधमक, जाड, कोरकरीत नाणं होतं. राम, सीता, लक्ष्मण, मारुती. समोर कंपनीचं नाव आणि 'हाफ आना'. कंपनीने मद्रासकडे, तिथल्या चालीप्रमाणे, सोन्याच्या नाण्यावर विष्णू आणला होता हे खरं. पण अर्ध्या आण्यावर रामदरबार तिने कधीच पाडला नाही. हे सगळे पितळी टाक देवळांसमोर विकले जातात.

"केवढ्याला घेतलं?" गुरुजींनी विचारलं.

"दोन हजार. तो पाच म्हणत होता. खरंय ना?"

गुरुजींनी नाणं कडेने धरलं, उलटवलं, परत डबीत ठेवलं. "शेठ, देव्हाऱ्यात ठेवा. रोज फूल वाहा."

"म्हणजे खरंय?"

"देव खरा आहे."

"आणि कंपनी?"

"कंपनी १८७४ लाच गुंडाळली."

शेठजींना हे भाव वाढायचं लक्षण वाटलं असावं. त्यांनी डबी खुशीत मिटली आणि गुरुजींचा साखरेचा पुडा बांधला. हिशोबाला गुरुजींनी नोटांबरोबर दहाचं एक नाणं ठेवलं. चोख, सरकारी, टाकसाळीतून निघालेलं. दहाच्या नाण्याच्या तोवरच्या चौदाही तऱ्हा खऱ्या आहेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीरच केलंय.

शेठजींनी ते दोन बोटांनी उचललं, उजेडात धरलं, गल्ल्याच्या लाकडावर आपटून बघितलं आणि परत गुरुजींच्या पुढ्यात सरकवलं.

"गुरुजी, हे इथे चालत नाही. खोटी फार आलीत बाजारात. नोट असली तर बघा."